सही केली, पुढे काय?



गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी आमच्या शिरपूरच्या विहारात वंदना झाल्यावर अवयवदानाचे फॉर्म वाटण्यात आले. तरुण मुलांनी टेबल मांडले होते. जो सही करील त्याचे नाव माइकवरून पुकारले जात होते आणि टाळ्या पडत होत्या. तासाभरात साठ-सत्तर सह्या झाल्या. मी सही केली नाही. मी गावात शिक्षिका आहे, विहारात मुलांना शिकवते, अंधश्रद्धेवर बोलते. म्हणून एका मुलाने सरळच विचारले, "मॅडम, तुम्हीच मागे?" मी हसून वेळ मारून नेली.

त्याचा प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर चारचौघांत देण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही, ते या पानावर देते. आपण वाचक बहुतेक नवदीक्षित कुटुंबांतले आहात. सही करणे म्हणजे काय आणि केलेली सही पाळणे म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या घरात कधी ना कधी येणारच आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. वडील सालदार होते, आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. बी.एड. करीत असताना आमच्या कॉलेजात एक शिबिर झाले. रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांना निरोगी माणसाची अस्थिमज्जा, म्हणजे दवाखान्यात ज्याला बोन मॅरो म्हणतात ती, देता येते. तुमच्या पेशींची नोंद करून ठेवू, कधी कोणाशी जुळली तर बोलावू, असे त्यांनी सांगितले. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, एका फॉर्मवर सही घेतली, प्रमाणपत्र दिले. पाच मिनिटांचे काम. रांगेत माझ्या पुढच्या मुलीने सही केली म्हणून मी केली. ते प्रमाणपत्र मी नोकरीच्या फाइलीत लावून ठेवले.

चार वर्षांनी फोन आला. एका रुग्णाशी तुमचे जुळते असे दिसते, पक्के करण्यासाठी पुन्हा रक्त तपासावे लागेल, याल का? तेव्हा माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. रात्री घरात बैठक बसली. आत्याबाई म्हणाल्या, "हाडातलं काढल्यावर लेकरू कसं होईन व तुले?" मामाजी काही बोलले नाहीत, म्हणजे नाहीच म्हणाले. नवरा माझ्याकडे बघत राहिला. माझ्या बाबांनाही कोणी फोन केला, तेही म्हणाले, "पोरी, आता तू त्या घरची." सकाळी मी फोन करून नाही म्हणून सांगितले. पलीकडची बाई रागावली नाही. ठीक आहे मॅडम, धन्यवाद, एवढेच म्हणाली. त्या रुग्णाचे पुढे काय झाले हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही, कारण नाव-गाव दोन्ही बाजूंना सांगत नाहीत.

आमच्या गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती आहे. ती कोणत्या पंथाची यावरून दोन पंथांचा वाद, आणि त्या वादापायी १९८१ पासून तिला कुलूप होते; ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. एका मूर्तीचे कुलूप उघडायला बेचाळीस वर्षे. माझे शरीर कोणाचे, याचा निकाल आमच्या घरी एका रात्रीत लागला.

माझ्याकडून नेमके काय मागितले गेले होते, हे मला त्या रात्री माहीत नव्हते. ज्या फॉर्मवर मी सही केली तो मी वाचलाच नव्हता. पुढे वाचले. मज्जा पाठीच्या कण्यातून काढीत नाहीत. एक पद्धत अशी, की भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने काढतात. दुसरी पद्धत आता जास्त चालते. चार-पाच दिवस रोज इंजेक्शन देतात, त्यामुळे मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, त्यातल्या त्या पेशी तेवढ्या काढून घेतल्या जातात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. तीन-चार तास पडून राहावे लागते. इंजेक्शनच्या दिवसांत अंग आणि हाडे दुखतात, डोके दुखते. शरीर ती तूट काही आठवड्यांत भरून काढते. मूल होण्या न होण्याशी याचा काही संबंध नाही. आत्याबाईंची भीती खोटी होती, पण त्यांना दोष देऊन मी सुटत नाही. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, मी गेले होते. घरात सांगण्यासारखे उत्तर माझ्याजवळ असायला हवे होते.

आणखी एक गोष्ट कळली आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही. रुग्णाला नवी मज्जा देण्याआधी त्याची स्वतःची मज्जा जबर औषधांनी, काही वेळा किरणांनी, नष्ट करतात. ती नष्ट झाल्यावर दात्याने पाय मागे घेतला तर रुग्णाच्या हाती ना जुनी उरते ना नवी. मी दुसऱ्या तपासणीच्या आधीच नाही म्हटले, म्हणून तेवढा दोष माझ्या माथी नाही. परंतु कोणीतरी तिकडे खाटेवर बसून एक नाव सापडले असे ऐकले असेल, आणि पुढच्या आठवड्यात ते नाव गेले असेही ऐकले असेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. न देणे हा दोष आहे काय?

मला तसे वाटत नाही. शरीर ज्याचे त्याचे आहे. भीतीने, लोकलाजेने किंवा घरच्यांच्या धाकाने दिलेल्या दानाला मी दान म्हणणार नाही. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि ते ज्यांना मिळते त्यांत पुरुष जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. त्यातल्या किती जणींना खरोखर विचारले गेले असेल? म्हणून कोणी मनापासून नाही म्हटले तर त्याला नावे ठेवू नयेत. तरीही नाही म्हणणे वेगळे आणि हो म्हणून नंतर नाही म्हणणे वेगळे. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो, खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन. आपण समजतो, खोटे बोलणे म्हणजे घडले ते लपवणे. माझ्या मते पुढे जे करायचे मनात नाही ते करीन म्हणून लिहून देणे हेही त्यातच येते. सही ही लिहिलेली वाणी आहे. मी त्या शिबिरात असत्य बोलले, आणि ते असत्य आहे हे मला चार वर्षे कळलेही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा शब्द कशाला? पण विचार करा. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मधली एकवीस वर्षे बाबासाहेब अभ्यास करीत होते, लोकांना तयार करीत होते, स्वतःला विचारीत होते. आपण मात्र रांगेत उभे राहून पाच मिनिटांत सही करतो. आपल्याच कुटुंबांत असे आहे की दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या आणि घरी कपाटामागे खंडोबाचा टाक तसाच. त्यावर मी कैक वेळा टीका केली आहे. माझे प्रमाणपत्रही फाइलीत तसेच होते.

म्हणून त्या तरुणांना माझे सांगणे आहे, राग मानू नका. माइकवर नाव पुकारून सह्या घेऊ नका. फॉर्म घरी न्यायला द्या, महिन्याने परत मागा. घरातल्या म्हातारीला वाचून दाखवायला सांगा. सत्तरऐवजी सात आले तरी ते सात टिकतील.

या सगळ्याची मला पुन्हा आठवण करून दिली ती माझ्या वर्गातल्या एका मुलीने. आठवीत होती. थंडी पडली की हात-पाय धरून रडायची, महिन्यात चार-पाच दिवस गैरहजर. आधी मीच समजत होते की अभ्यासाचा कंटाळा. नंतर कळले, सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे कळ उठते. हा आजार आपल्या विदर्भात घरोघरी माहीत आहे. १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर इंग्लंडच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. पुढच्या पाहण्यांत तो आदिवासींत, आपल्या समाजात, कुणबी-तेली समाजांतही सापडला. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून लग्न जुळवताना कोणी तपासत नाही. कुंडली सोडली हे फार चांगले केले. रक्ताची तपासणी मात्र धरायला हवी होती.

या मुलीला गोळ्या चालू आहेत, त्यांनी कळा कमी होतात. आजार मुळातून घालवायचा तर सध्या प्रामुख्याने मज्जेचे प्रत्यारोपण हाच मार्ग, आणि त्यासाठी सर्वांत चांगला दाता म्हणजे सख्खा भाऊ किंवा बहीण, ज्याची मज्जा जुळते. जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. नागपूरच्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले, हिला मोठा भाऊ आहे, त्याची तपासणी करून घ्या. मी घरी गेले तेव्हा आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाई, एकुलता एक पोरगा हाये. त्याच्या हाडातलं काढून पोरीले द्याचं? ते तर उद्या लोकाच्या घरी जाईन." बाप खाली मान घालून बसला होता. आणि ती मुलगी दारात उभी राहून हे ऐकत होती.

मी त्यांना सांगितले की भारतातले पहिले यशस्वी मज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि दाता तिचा भाऊ. आजीने तांदळातला खडा काढून अंगणात फेकला आणि म्हणाली, "मुंबईच्या गोष्टी मुंबईले." खर्चाचाही प्रश्न होता, तो मी हसण्यावारी नेणार नाही, असले उपचार लाखांत जातात आणि मदत मिळवायची तर कागद घेऊन वर्षभर फिरावे लागते. पण तपासणीलाच नकार होता. तपासणीत हाड नसते, पोरगाही संपत नाही. भीती अशी, की जुळले तर मग नाही म्हणता येणार नाही. ही भीती मी ओळखते. माझ्या घरी ती होतीच.

ज्याला जुळणारा भाऊ-बहीण नाही त्याला परक्याची मज्जा शोधावी लागते. त्यासाठीच ती नोंदवही. आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे. मज्जा जुळणे म्हणजे पेशींवरच्या काही खुणा जुळणे. या खुणा आई-बापांकडून येतात. ज्या समूहात पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्ने झाली, त्या समूहात त्या खुणांचे ठरावीक मेळ फिरत राहतात. त्यामुळे परका दाता सापडला तर तो बहुधा आपल्याच समूहाच्या जवळचा असतो. लंडन-न्यूयॉर्कमधल्या भारतीय रुग्णांना म्हणूनच तिथल्या गोऱ्या लोकांच्या नोंदवहीत जुळणारे नाव क्वचित मिळते. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचे मूळ लक्षण म्हणून जातीतल्या जातीत लग्न हेच दाखवले. तेव्हा रक्तपेशींवरच्या या खुणा कोणाला ठाऊक नव्हत्या. त्या अंतर्विवाहाने आपली शिक्षा पेशीतही लिहून ठेवली, आणि आता रोगी खाटेवर असताना ती वाचली जाते. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने आपल्या नोंदवह्या फार तोकड्या. त्यांत नावे येणार ती शहरातल्या कॉलेजांतली, कंपन्यांतली. मालेगाव-रिसोडच्या खेड्यांतली किती असतील? मग आपल्या पोराला जुळणारे नाव सापडणार कुठून?

हे मी विहारात एकदा बोलले. त्यावर सत्तरी ओलांडलेले एक उपासक, ज्यांना आम्ही सगळे बाबाजी म्हणतो, काठी टेकून उभे राहिले. त्यांच्या लहानपणी वस्तीला गावच्या विहिरीवर चढू देत नसत; वरून कोणी ओतले तर पाणी. ते म्हणाले, "मॅडम, आपल्या पोराइसाठी देऊ ना. पन त्या वहीत नाव टाकलं म्हनजे ते कोनालेबी जाईन. ज्यायनं आपल्याले पानी देल्लं नाही, त्यायले आपन हाडातलं काहून द्याव?"

या प्रश्नाला हसू नका. हा अडाणीपणाचा प्रश्न नव्हे. महाडला १९२७ मध्ये माणसे पाण्यासाठी गेली आणि डोकी फोडून घेऊन आली. ज्याच्या आयुष्यात ते पाणी आहे त्याला क्षमेचे पाठ शिकवणारी मी कोण?

मी त्यांना आजारी भिक्षूची कथा सांगितली. एका भिक्षूला हगवण लागली होती, तो आपल्याच घाणीत पडला होता, आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्षूंना विचारले, याची सेवा का केली नाही? ते म्हणाले, हा आमच्या काही उपयोगी पडत नाही. म्हणजे हिशेब हाच होता, याने आमचे काय केले? तथागतांना तो हिशेब मान्य झाला नाही. बाबाजींनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तो भिक्षू आपल्यातलाच होता, बाई." खरे होते. मला पुढे बोलता आले नाही.

नंतर मला दक्षिण आफ्रिकेतली घटना मिळाली. जगातले पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केपटाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. ते हृदय डेनिस डार्वल या अपघातात गेलेल्या गोऱ्या तरुणीचे होते. तिचे एक मूत्रपिंड मात्र दहा वर्षांच्या एका अश्वेत मुलाला दिले गेले. महिनाभराने, २ जानेवारी १९६८ रोजी, दुसरे प्रत्यारोपण झाले. या वेळी हृदय होते क्लाइव्ह हॉप्ट या चोवीस वर्षांच्या अश्वेत तरुणाचे आणि ते बसवले गेले फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याला. ब्लायबर्ग एकोणीस महिने जगला. त्या देशात तेव्हा वर्णभेदाचा कायदा होता. हॉप्टला ज्या बाकावर बसता येत नव्हते, ज्या हॉटेलात जाता येत नव्हते, तिथे त्याचे हृदय बिनदिक्कत जाऊ शकत होते.

मी हे बाबाजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग कायदा बदलला काय?" नाही बदलला. तो माणसांनी लढून, तुरुंगात जाऊन बदलला, आणि सर्वांच्या मतदानाची पहिली निवडणूक १९९४ मध्ये झाली. हृदय देऊन वर्णभेद गेला नाही. मज्जा देऊन जातही जाणार नाही. जो कोणी तसे सांगतो तो भोळा आहे किंवा लबाड आहे. संघर्षाची कामे संघर्षानेच होतात. पण खाटेवर पडलेल्या सात वर्षांच्या पोराकडून विहिरीचा हिशेब मागता येतो काय? त्याच्या आजोबाकडून मागू, जरूर मागू. आणि इथे कोणी कोणाला निवडू शकत नाही ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दाता म्हणू शकत नाही की अमक्या जातीला देऊ नका. घेणाराही म्हणू शकत नाही की अमक्याचे नको. अवयवदानाच्या फॉर्मवर नाव, वय, पत्ता आहे, जातीचा रकाना नाही. आपल्या गावात असे कागद किती आहेत? मी तर रोज हजेरीपटाशी काम करते.

मी बाबाजींना शेवटी सांगितले की मज्जा दिल्यावर घेणाऱ्याच्या शरीरात पुढे जन्मभर दात्याच्याच पेशींचे रक्त तयार होते, रक्तगटसुद्धा दात्याचा होतो. ते क्षणभर थांबले आणि मोठ्याने हसले. "मंग तो जयभीमवाला झाला म्हना!"

पण एक कबुली द्यायची आहे. खुणा समूहात फिरतात हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मला ज्याच्यासाठी फोन आला होता तो रुग्ण बहुधा आपल्याच लोकांतला असेल. आणि त्या विचाराने माझे दुःख वाढले. का वाढावे? परका असता तर ते कमी असते काय? मी विहारात समतेवर बोलते आणि माझ्या मनाने दुःखाचे माप जातीच्या फुटपट्टीने घेतले. आपलाच असेल म्हणून द्या, असे सांगून सह्या मिळवणे सोपे आहे. मी तसे सांगणार नाही. तसे सांगितले तर ज्या रेषेतून आपण बाहेर पडलो तीच रेषा पुन्हा आखल्यासारखे होईल.

मरणोत्तर दानाबद्दल थोडे लिहिते, कारण विहारातला फॉर्म त्याचाच होता. त्यात गोंधळ फार आहे. सही केली म्हणजे कुठेही मेले तरी हृदय-मूत्रपिंड काढून नेतील, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. हे अवयव प्रामुख्याने दवाखान्यात कृत्रिम श्वासावर असलेल्या मेंदूमृत माणसाचे घेता येतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, कमीत कमी सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदू मेल्याचे लिहून द्यावे लागते. त्यांत प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात. मग नातेवाईकांची संमती. तुम्ही सही केली असली आणि घरच्यांनी नाही म्हटले तर व्यवहारात अवयव घेतले जात नाहीत. सप्टेंबर २०२३ पासून आधार क्रमांकाने संकेतस्थळावरही नोंदणी होते, पण घरात सांगितले नसेल तर तीही व्यर्थ.

आणखी एक शंका रास्त आहे. देणारा गरीब आणि घेणारा श्रीमंत, असेच ना? बरेचसे तसेच. विदर्भात अवयव कोणाला द्यायचा हे नागपूरची समन्वय समिती प्रतीक्षायादीप्रमाणे ठरवते, ही चांगली व्यवस्था आहे. परंतु यादीत नाव लागायलाच मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपण बसते, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावे आणि हक्काने मागावे. देणाऱ्यांच्या यादीत जायचे तर घेणाऱ्यांच्या यादीतही गेले पाहिजे.

शिरपूरसारख्या गावात, जिथे माणूस बहुधा घरीच शेवटचा श्वास घेतो, तिथे खरे शक्य आहे ते नेत्रदान. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळाचा पारदर्शक पडदा घ्यावा लागतो, म्हणजे घरच्यांनी रडता रडता फोन करायला हवा. पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवावा, उशी उंच करावी. देहदानही शक्य आहे. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथल्या मुलांना शिकायला देह लागतात. देहदानाच्या पत्रकांवर कुठेकुठे दधिची ऋषीचे चित्र असते. आपल्याला इंद्राच्या वज्राशी देणेघेणे नाही, पण चित्र आवडले नाही म्हणून फॉर्म फाडणे पोरकटपणाचे आहे.

पुढच्या जन्मी आंधळा होशील, ही भीती अजून आपल्या घरांत बोलली जाते. अमर आत्मा नाही, मेल्यावर पृथ्वी, आप, तेज, वायू आपापल्या साठ्यात जातात, हे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट मांडले आहे. श्राद्ध-पिंडदान सोडण्याची प्रतिज्ञा आपण केली ती याच समजुतीवर. मग डोळ्यांपुरता आत्मा कुठून परत येतो? श्रीलंकेच्या बौद्धांनी हा प्रश्न कधीच सोडवला. डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ मध्ये तिथे नेत्रदान संस्था काढली. त्याआधी त्यांनी स्वतःच्या आईचे नेत्र दिले होते. १९६४ पासून त्या छोट्या बेटावरून परदेशांत नेत्र जाऊ लागले आणि आजवर ते हजारो परक्या माणसांना मिळाले आहेत. जातकातला शिबी राजा तर जिवंतपणी डोळे काढून देतो. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती डोळ्यांवर हात ठेवतात. मी म्हणते, घाबरू नका, आपल्याकडे कोणी एवढे मागत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. मी सही केली नाही, कारण एकदा केलेली सही मोडली आहे आणि दुसरी मोडायची नाही. फॉर्म मी घरी आणला. महिनाभर तो टीव्हीच्या कपाटावर होता. रविवारी जेवणानंतर मी तो मोठ्याने वाचते. मामाजी ऐकतात, आत्याबाई उठून भांडी घासायला जातात, पण नळ बारीक ठेवतात. मज्जेच्या नोंदवहीलाही मी पत्र लिहिले आहे, माझे नाव अजून ठेवले आहे की काढले. ठेवले असेल तर या वेळी मी येईन, असे घरी सर्वांसमोर सांगून लिहिले. माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे, तेव्हा ती जुनी हरकत तशीही उरली नाही.

त्या आठवीतल्या मुलीची यंदा दहावी. भाऊ जूनमध्ये अठरा वर्षांचा झाला. परवा बसस्टँडवर भेटला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "मॅडम, ते तपासनी कुठं करतात?" मी पत्ता लिहून दिला आणि सांगितले, आजीला न सांगता जाऊ नको. तो म्हणाला, सांगतो. सांगितले की नाही, ते अजून कळले नाही.

आमच्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक. नवऱ्याची सही झाली. दुसरी जागा मी आत्याबाईंसाठी मोकळी ठेवली आहे. त्या अंगठा देत असत, आता मी शिकवल्यापासून सही करतात, आणि सध्या एवढेच म्हणतात, "पाहू."